त्या जर्मनाचं भजन

उसाला तुरे आले की माझा घसा धरतो. डॉक्टर म्हणतो थंडीनं, सून म्हणते वयानं, आणि मी दोघांनाही हो म्हणते, कारण खरं काय ते सांगायला बसले तर तासभर तरी जाईल. जून संपत आला, म्हणजे आमच्या या बेटावरचा हिवाळा लागला, की बो बासें गावाच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे उतरणाऱ्या शेतांत उसाच्या डोक्यावर ते रुपेरी, किंचित गुलाबी तुरे डोलायला लागतात. आता निम्मी शेतं गेली, तिथं घरं आली. तरी उरलेल्या निम्म्यांत तुरे येतात ते येतातच. वरून बारीक भुरभुर चालू असते. आमच्याकडे तिला फारीनच म्हणतात, म्हणजे पीठ. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर खांदे भिजतात. अशा दिवसांत खिडकीशी उभी राहिले की माझ्या गळ्यातून खालच्या पट्टीतली एक ओळ आपोआप बाहेर पडते. सून आतून विचारते, "आई, काही म्हणालात?" मी म्हणते, "नाही गं, खोकले."

खोकले म्हणायची सवय मला सदुसष्ट सालापासूनची आहे.

त्या हिवाळ्यात मी सतरा वर्षांची होते. रोझ हिलच्या सिस्टरांच्या शाळेत शेवटच्या वर्गात. वर्षअखेरीला ती मोठी परीक्षा, जिचे पेपर विलायतेहून यायचे आणि तपासायला विलायतेलाच जायचे. ऑगस्टच्या सुरुवातीला देशात मतदान. इंग्रज जाणार की राहणार, यावरून दुकानांत, बसमध्ये, नळावर माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागलेली. वर्षानुवर्षं एकमेकांकडे मिरच्या-कोथिंबीर मागायला जाणारी घरं, ती एकाएकी जपून बोलायला लागली. आणि अशा दिवसांत मला, विठू तायेरच्या मुलीला, चर्चमध्ये जाऊन गावंसं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, नुसतं वाटत नव्हतं, जीव टांगणीला लागला होता.

तायेर म्हणजे शिंपी. बाबांचं रोझ हिलच्या बाजाराजवळ दुकान होतं, एक मशीन, एक इस्त्री आणि एक लांब टेबल एवढंच. पाद्रीबाबांचे झगे बाबाच शिवायचे. त्या लांब काळ्या झग्याला गळ्यापासून पायापर्यंत बटणं, आणि बाबांइतकी सारखी काजं रोझ हिलमध्ये दुसरं कुणी करत नसे. पण झगा पोहोचवायला गेले तरी बाबा चर्चच्या पायरीवर पाय ठेवत नसत. खालीच उभे राहून हाक मारायचे. शनिवारी संध्याकाळी, उसाच्या कामाला आलेल्या आमच्या पणज्यांनी बांधलेल्या मराठी देवळात पेटी घेऊन बसायचे ते हेच विठू तायेर. त्यांनी ओळ म्हणायची आणि सगळ्या मंडळींनी ती तशीच परत म्हणायची, असं आमचं भजन. माझे कान त्यावरच घडले. कुणीतरी गायचं आणि कुणीतरी ते झेलायचं, याला गाणं म्हणतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

शाळेत आम्हाला संगीत शिकवायला माम्झेल ओदेत यायच्या. साठीच्या, काळ्यासावळ्या, सडसडीत, बिनलग्नाच्या, म्हणून माम्झेल. चर्चचा ऑर्गनही त्याच वाजवायच्या. एके दिवशी प्रार्थनेला माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडाशी कान आणला. मी घाबरून गप्प झाले. माझा आवाज पोरीसारखा नव्हताच मुळी. आई म्हणायची, हिला कुणाला हाक मारायला सांगू नका, रस्त्यानं जाणारे बाप्ये वळून बघतात. माम्झेलनी मात्र माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. "तू इतकी वर्षं कुठं लपली होतीस?" असं त्यांनी क्रेओलमध्ये, आम्हा सगळ्यांच्या घरगुती बोलीत विचारलं. एरवी त्या नाकानं कांदे सोलल्यासारखं शुद्ध फ्रेंच बोलत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

आता त्या जर्मनाबद्दल. त्याचं नाव मला तेव्हाही धड उच्चारता यायचं नाही, आणि आमच्या घरात ते कुणी घेतलंही नाही. बाबा त्याला 'तो जर्मन' म्हणायचे. आमच्यापुरतं तेच नाव राहिलं. एकोणिसाव्या शतकातला माणूस. पियानोवर त्याची सारी कीर्ती. क्युर्पिपला गोऱ्यांच्या मोठ्या घरांवरून चालत गेलं की बंद खिडक्यांमागून त्याचंच काहीतरी ऐकू यायचं. तिथल्या दमट हवेनं पियानोच्या पट्ट्या फुगून बसायच्या, तरी पोरी ते वाजवत राहायच्या. पण याच माणसानं देवापुढं गाण्यासाठी पेटीभर गाणी लिहून ठेवली होती हे कुणाच्या गावीही नव्हतं. माम्झेलना ते माहीत होतं, कारण त्या छापील गाण्यांची पेटी त्यांच्या घरी होती. त्यांच्या काकांनी, म्हणजे चर्चच्या आधीच्या ऑर्गनवाल्यांनी, तरुणपणी युरोपातून ती आणलेली. काका गेले, पेटी पलंगाखाली गेली.

"कुणी गात का नाही ती?" मी विचारलं होतं.

"पियानोवाले म्हणतात, हे देवाधर्माचं, आम्हाला काय करायचंय," माम्झेल म्हणाल्या. "आणि चर्चवाले म्हणतात, हा मैफलीतला माणूस, याला देवातलं काय कळतं. मग ते मधल्यामध्ये पडून राहिलं."

त्यात आणखी भर म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत चर्चमधून लॅटिनच गेलं होतं. मिसा, म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना, आता फ्रेंचमध्ये व्हायची. त्या जर्मनाची सगळी गाणी लॅटिन. म्हणजे आधी कुणी विचारत नव्हतं, आता तर जागाच उरली नाही. पण माम्झेलनी पाद्रीबाबांच्या मागं लागून लागून एक दिवस मिळवला. पंधरा ऑगस्ट, मारियाचा सण. मिसा संपल्यावर, लोक उठायच्या आत, एकच गाणं. आठ-नऊ मिनिटांचं, फक्त बायकांच्या आवाजातलं, येशूच्या आईची आळवणी.

पंधरा ऑगस्टच का, तर पुढचा पंधरा ऑगस्ट माम्झेलना मिळणार नव्हता. त्यांच्या भावानं ऑस्ट्रेलियाचे कागद केले होते. तेव्हा अशी कितीतरी ख्रिस्ती घरं निघाली होती. त्यांना वाटायचं, इंग्रज गेले की आता हिंदूंचं राज्य येणार, आपलं काही खरं नाही. माम्झेलनी मला एकदा स्वतःहून सांगितलं, "मला तुमची भीती नाही गं. मला एकटीला राहता येत नाही, एवढंच." आणि मग मान फिरवून म्हणाल्या, "ते गाणं मी चाळीस वर्षं नुसतं वाचते आहे. एकदा कानांनी ऐकायचंय. मग कुठंही जाईन."

चाळीस वर्षं गाणं नुसतं वाचायचं! मला तेव्हा ते समजलंच नाही. आज माझ्याकडं वाचलेल्या आणि न गायलेल्या गोष्टींची बरीच थप्पी जमली आहे, आता जरा समजतं.

आमच्या तालमी शाळेच्या मागच्या खोलीत व्हायच्या. तिथं छत गळायचं, वादळानंतर पत्रा नीट बसवलाच नव्हता. बारा मुली, तीन आवाज. वरचा, मधला आणि खालचा. खालच्यात आम्ही तिघी, शाळेतल्या दोघी बहिणी आणि मी. लॅटिन शब्द माझ्या तोंडात बसेनात. फ्रेंच अक्षरांत लिहिलेले पाहिले की मी ते फ्रेंचसारखेच म्हणायची आणि माम्झेल कपाळाला हात लावायच्या. शेवटी मी संध्याकाळच्या मराठी वर्गाची वही काढली आणि ते सगळे शब्द बाळबोध अक्षरांत लिहून काढले, जसे कानाला ऐकू येत तसे. वरती बाबांकडून शिकलेले सा रे ग. दुसऱ्या दिवशी एकही शब्द चुकला नाही. माम्झेलनी वही उचलून उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाल्या, "ही तुमची अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे." मग वही अगदी हळू खाली ठेवली, जसा कुणाचा तान्हा खाली ठेवावा.

घरी मी अजून काही सांगितलं नव्हतं. जादा अभ्यास आहे, असं सांगून राहायची. पण भांडी घासताना ओळ गळ्यातून निसटायचीच, आणि बाबांचे कान म्हणजे काय विचारता. ते मशीनवर बसलेले असले तरी गल्लीतल्या भाजीवाल्याची पट्टी सांगायचे. एका संध्याकाळी मी घरात आले तर पेटीवर माझी ओळ वाजत होती. जशीच्या तशी. आणि पेटीवर माझी वही उघडी.

"हे काय गो, सरू?" बाबांनी विचारलं.

बाबा ऐनकीतून वहीत बघत होते. पहिलीच ओळ: 'मातेर देई'. त्यांनी ती दोनदा वाचली, मग पेटीवर ठेवलेली पेन्सिल उचलली आणि 'र' वर काट मारली.

"माते, देई," ते म्हणाले. "बरोबर हाय. मधी हा 'र' कशाला घातलास? हात घसरला व्हय?"

माझ्यासमोर तो शब्द बदलून गेला. माते, देई. आई, दे. आमच्या आरतीत, अभंगांत असतंच की असं, देई म्हणजे दे. बाबांना ते आपलंच वाटलं. "कुठं गातात हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माम्झेल शिकवतात. पंधरा तारखेला चर्चमध्ये गायचंय. मारियाआईपुढं." बाबांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाले, "आईकडं मागणं मागतात तर काय वाईट हाय त्यात? गा." आई चुलीपाशी होती, तिनं मान वर करून माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, हिला सगळं कळलं.

मला माहीत होतं. माम्झेलनी पहिल्याच दिवशी अर्थ सांगितला होता. मातेर देई म्हणजे देवाची आई. देई म्हणजे 'दे' नव्हे, 'देवाची'. आणि आमचे बाबा म्हणजे असे की, बाकी काही खपवून घेतील, पण आपली पोर चर्चमध्ये येशूला देव आणि मारियाला देवाची आई म्हणणार, हे त्यांना कुणी एकदम सांगितलं असतं तर त्यांनी वही मिटून हातात दिली असती. म्हणून मी खोकले. घसा साफ केल्यासारखं केलं आणि पाणी प्यायला गेले.

जुलैअखेर त्या दोघी बहिणींचं बोटीचं तिकीट अचानक आलं आणि आठ दिवसांत त्यांचं घर रिकामं झालं. खालच्या आवाजात मी एकटी उरले. आता नेमकी गंमत अशी की ते गाणं सुरूच खालच्या आवाजानं होतं. ऑर्गन नाही, काही नाही. तो खालचा आवाज एकटा 'मातेर देई' म्हणतो आणि मग चार मात्रा सगळं थांबतं. पूर्ण शांत. त्यानंतर बाकीचे आवाज येतात. मधे एकदा आणि अगदी शेवटी, अशी ती ओळ परत येते, तशीच एकटी, आणि तशीच ती शांतता. माम्झेल त्या चार मात्रा बोटांनी छातीवर, फ्रेंचमध्ये मोजायच्या. एं, दे, त्र्वा, कात्र. "इथं कुणी शिंकलं," त्या म्हणायच्या, "तर मी ऑस्ट्रेलियाला नाही जाणार, तुरुंगात जाईन." आम्ही हसायचो, पण श्वाससुद्धा धरून ठेवायचो. दुसऱ्या कुणाला तो खालचा स्वर लागत नव्हता. मी नाही तर गाणं नाही, इतकं ते सरळ होतं. माम्झेलनी मला ते बोलून दाखवलं नाही. फक्त रोज माझ्यासाठी रुमालात बांधून आल्याचा तुकडा आणायच्या, घशासाठी.

मतदान झालं, इंग्रज जाणार हे ठरलं, आणि पुढच्या शनिवारी देवळात बाळूकाकांनी विषय काढला. बाळूकाका देवळातले वयानं मोठे, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. दिवेलागणीची वेळ, मंडळी बसलेली, बाबा पेटी काढत होते.

"विठू," बाळूकाका म्हणाले, "तुजी पोरगी लेग्लीजमधे गाते म्हनं. ह्या असल्या दिवसांत. बाटवलीस काय तिला?"

लेग्लीज म्हणजे चर्च. मी बायकांत बसले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबांनी पेटी उघडली, सूर धरला आणि गायला लागले. माते देई. माझी ओळ, त्या जर्मनाची, तशीच्या तशी, 'र' सोडून. एकदा म्हणून थांबले, आणि सवयीनं सगळ्या मंडळींनी ती परत म्हटली. चाळीस माणसांनी! झांजा लागल्या. बाबांनी दुसऱ्यांदा म्हटली, परत सगळ्यांनी झेलली. मग पेटी बंद करून बाबा म्हणाले, "हे गाते ती. आता सांगा, कोन बाटलं?"

बाळूकाकांनीही मान डोलावली. सगळे खूश. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. इतके दिवस माझं खोटं माझ्यापाशी होतं; आता बाबांनी ते स्वतःचं करून चाळीस माणसांपुढं ठेवलं होतं. उद्या कुणी शहाणा अर्थ विचारून आला की मान खाली जायची ती बाबांची.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सोमवारी दुपारी शाळेतून थेट दुकानात गेले. बाबा एका झग्याला खालून टीप घालत होते, गळ्यात टेप, कानावर खडू. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. की 'र' बरोबर होता. की देई म्हणजे देवाची. की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मशीन थांबलं. बाबांनी झगा काढून मांडीवर घेतला, टीप सरळ आली का ते बघितलं.

"सगळ्यांसमोर गायलो गो मी," ते म्हणाले.

तेवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलत सुटले. म्हटलं, बाबा, मागणं आहे त्यात, खरंच आहे, फक्त शेवटाकडं आहे. तिथं 'दोना' येतं. दोना म्हणजे दे.

"दोना?" बाबांनी मान वर केली. "पानाचा करतात तो?"

"हो. म्हणजे नाही. त्यांच्या भाषेत दोना म्हणजे दे."

"आनि देई म्हंजे देव."

"देवाची."

बाबांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. "जा घरी," म्हणाले. "अभ्यास कर." मी गेले. हो की नाही ते बोलले नाहीत, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सण दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी होता. माम्झेलना मी काही कळवलं नव्हतं, कळवणार काय? सकाळी उठले तर खुर्चीवर माझा पांढरा फ्रॉक इस्त्री करून ठेवलेला. आणि बाबा कोट घालून दारात.

"मी येतोय," ते म्हणाले. "काय गातात ते माझ्या कानानं ऐकतो. मग बाळूला काय सांगायचं ते मी बघून घेईन."

बाहेर तीच भुरभुर होती. आम्ही दोघं काही न बोलता चालत गेलो. चर्चच्या दाराशी बाबांनी बूट काढून बाजूला नीट लावून ठेवले. मी म्हणणार होते की इथं काढत नाहीत, पण मग म्हटलं, असू दे. आत एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना डोक्यावरची टोपी काढायला खुणेनं सांगितलं. तर टोपी हातात आणि पाय अनवाणी असे माझे बाबा सगळ्यात मागच्या बाकावर अंग चोरून बसले. सणाच्या कपड्यांतली माणसं वळून वळून बघत होती. कुणी सरकून जागा केली, कुणी नाही केली.

मिसा संपली. लोक उठायच्या बेतात होते. माम्झेल वर, बाजूच्या सज्जात, ऑर्गनपाशी आमच्या पुढं उभ्या. त्यांनी हात उचलला, माझ्याकडं बघून फक्त पापण्या मिटून उघडल्या. मी गायले.

मातेर देई.

माझाच आवाज त्या उंच छताला जाऊन भिडला आणि परत आला. माम्झेलचा हात हवेत. चार मात्रा. एं.

आणि मागच्या बाकावरून बाबांनी ती ओळ परत म्हटली.

म्हणजे त्यांनी मुद्दाम नाही म्हटली. आपण ओळ टाकायची, दुसरं कुणी टाकून थांबलं की आपण झेलायची, ही चाळीस वर्षांची सवय. गळा आधी उघडला, डोकं नंतर जागं झालं. पेटीवाल्याचा खणखणीत आवाज. अख्खं चर्च वळलं. मला वरून बाबा दिसत होते. अर्ध्या ओळीत त्यांना कळलं आपण काय केलं, त्यांनी टोपी तोंडावर धरली, पण ओळ मधे तोडायची तर देवापुढं तेही बरं नाही, म्हणून टोपीआडून तशीच पुरी केली. माम्झेलची चाळीस वर्षं, आणि ती आमच्यामुळं गेली, हेच डोक्यात.

माम्झेलनी हात खाली आणला नव्हता. त्या पूर्ण ओळ संपेपर्यंत थांबल्या. चार मात्रांच्या जागी बारा झाल्या असतील. मग अगदी जागेवर, जणू असंच लिहिलं होतं, त्यांनी बाकीच्या मुलींना खूण केली आणि ऑर्गनवर बोटं टेकली, आणि तो जर्मन आमच्या सगळ्यांच्या गळ्यांतून सुरू झाला. मला त्याचं वर्णन करता येत नाही. मी तोवर फक्त माझा आवाज ओळखत होते, खालचा, एकटा, ज्याला धड चाल अशी नाही. त्या दिवशी वरच्या दोन आवाजांखाली तो गेला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय धरून ठेवलं आहे. बाबांनी नंतर विचारलं होतं, "सगळी येगयेगळं गातात, तरी भांडन कसं होत नाही?"

मधे ती ओळ आली तेव्हा शांतता खरीखुरी शांतता राहिली. बाबा मान खाली घालून बसले होते. मग शेवट आला. दोना येऊन गेलं, आणि अगदी शेवटी माझी ओळ. मी म्हटली. माम्झेलचा हात वर. आणि त्या वळल्या. आमच्याकडं पाठ करून, कठड्यावरून खाली, त्या मागच्या बाकाकडं बघत उभ्या राहिल्या. हात तसाच. एक मात्रा, दोन, चार, आठ. बाबांनी हळूच वर पाहिलं. त्या बघतच होत्या.

बाबांनी टोपी मांडीवर ठेवली आणि ओळ म्हटली. या वेळी हळू, जपून. 'र' सकट.

खाली उतरल्यावर बाबा बूट हातात घेऊन त्यांच्यापुढं उभे राहिले आणि "पार्दों, माम्झेल, पार्दों," एवढंच म्हणत राहिले. माफ करा, माफ करा. माम्झेलचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "तीस वर्षं मी इथं गाणं बसवते," त्या म्हणाल्या. "मला खालून कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं." मग त्यांनी बाबांच्या हातातले बूट घेऊन स्वतः खाली ठेवले.

बाळूकाकांना बाबांनी पुढच्याच शनिवारी सांगून टाकलं. "देवाची आई म्हनतात ते तिला. आपल्या गनपतीला आई हाय ना? मग." तेवढ्यावर भागलं. गणपती जवळ आले होते, सगळ्यांना मखराची घाई होती.

माम्झेल ऑक्टोबरात गेल्या. मी परीक्षा दिली, बरी गेली. पुढं मार्चात इंग्रजांचा उतरून आमचा झेंडा चढला, आणि त्याच्या आधी आणि नंतर या बेटावर जे काही व्हायचं ते झालं, चांगलं आणि वाईट. मी शाळेत मराठी शिकवायला लागले. चर्चमध्ये परत कधी गायले नाही. कुणी बोलावलं नाही, आणि लॅटिन तर गेलंच होतं.

मागच्या वर्षी नातीनं फोनवर त्या जर्मनाला शोधून दिलं. तिला त्याचं नाव चुटकीसरशी उच्चारता येतं. पियानोचं इतकं निघालं की बोट वर सरकवून सरकवून ती कंटाळली. आमचं गाणं एकदाच सापडलं, कुठल्याशा थंड देशातल्या बायकांनी गायलेलं. सुरेख गातात. खालच्या आवाजात सहा-सात जणी असाव्यात. ओळ झाली आणि बरोब्बर चार मात्रांनी पुढं गेल्या. मी नातीला म्हटलं, बंद कर गं. तिला वाटलं मला आवडलं नाही.

आवडलं नाही असं नव्हे. पण मला माम्झेलचं ते एकमेव पत्र आठवलं. अडुसष्टच्या हिवाळ्यात, तुरे आलेले असताना आलं होतं. मेलबर्नहून, निळ्या पातळ कागदावर. मी ते दुकानात नेलं आणि बाबांना वाचून दाखवलं, फ्रेंचचं मराठी करत करत. लिहिलं होतं की हवा कोरडी आहे, पियानोच्या पट्ट्या फुगत नाहीत. भावाच्या मुलांना क्रेओल बोलायची लाज वाटते. तिथल्या चर्चमध्ये त्यांनी बायकांचा एक छोटा गट जमवला आहे आणि पलंगाखालच्या पेटीतलं आमचं गाणं बसवलं आहे. पुढं लिहिलं होतं: 'पहिली ओळ झाली की मी हात वर ठेवून थांबते. इथल्या लोकांना वाटतं, म्हातारी मात्रा मोजायला विसरली. मी विसरलेली नाही, हे तुझ्या वडिलांना सांग.'

मी सांगितलं. बाबांनी मशीनवरचा पाय काढला. पत्र माझ्या हातातून घेऊन ते त्यांना न वाचता येणारं फ्रेंच कितीतरी वेळ बघत राहिले.

"मंग उत्तर कोन देतं तिकडं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

बाबा उठले. दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तोंड समुद्राच्या बाजूला करून त्यांनी ती ओळ पूर्ण आवाजात म्हटली.